वहीतले चार ‘पा’

आमच्या घरात पहिलं जोडाक्षर मी ‘हक्क’ या शब्दातून शिकले. बाबा छापखान्यात कामाला होते आणि आई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत. पत्रकांचे गठ्ठे घरी यायचे तेव्हा शाई अजून हाताला लागायची. जेवणं झाली की आम्ही तिघं जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. अशा घरात वाढलेल्या मुलीला अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो आणि मग राग येतो. माझं तसंच व्हायचं. अकरावीत तर मथळा सुचायला अन्यायसुद्धा लागायचा नाही.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात मुलींचा बेसबॉलचा संघ होता. नाशिकला बेसबॉल कोण खेळतं, असं लोक अजूनही विचारतात. आम्ही खेळायचो. म्हणजे त्या खेळायच्या आणि मी कडुनिंबाखाली बसून वही लिहायचे, कारण पळण्यात मी इतकी मंद होते की सरांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या हातातून ग्लोव्ह काढून घेतला आणि पेन दिलं. सर मुलींना तालुक्याच्या नावानं हाक मारत. कप्तान चांदवडची होती, तिला ‘चांदवड’. डावीकडून मारणारी, आदिवासी वसतिगृहात राहणारी मुलगी सुरगाण्याची, तिला ‘सुरगाणा’. मी नाशिकचीच, आणि नाशिकच्या सात जणी होत्या, म्हणून मला ‘वही’.

सरांनी मला गुणलेखनाचा छापील तक्ता दिला होता. सगळी इंग्रजी अक्षरं, बारीक चौकोन. मी तो परत केला. म्हटलं, मराठीत शिकणाऱ्या मुलींना आपला खेळ मराठीत मोजता आला पाहिजे. आणि दोनशे पानी वहीत स्वतःची पद्धत सुरू केली. मुलगी मारायला उभी राहिली की तिच्या नावापुढे ‘पा’, म्हणजे एक पाळी. तिनं चेंडू निलगिरीच्या रांगेपलीकडे घालवला आणि चारही बेस पळून परत घरी आली, तर ‘पा’च्या जागी ‘हो’, त्याभोवती गोल. तो होमरन. समोरची पिचर घाबरून चार चेंडू आवाक्याबाहेर टाकायची आणि मारणारीला फुकट पहिल्या बेसवर जायला मिळायचं, तेव्हा ‘चा’. तो चार बॉलचा चा. ती पाळी हिशेबात धरायची नाही, हा मूळ खेळातलाच नियम.

सुरगाण्याला ‘चा’ फार मिळायचे. सामना संपला की मुली विचारायच्या, “आज किती चा झाले गं?”

“तीन. साखर नव्हती,” ती म्हणायची.

तिच्याबद्दल एवढं सांगते. ती मारायला उभी राहिली की बॅट खांद्यावर न ठेवता खाली, मांडीशी धरायची, जणू विळा धरलाय. चेंडू आला की बॅट कधी वर गेली ते दिसायचं नाही. मग आवाज यायचा, आणि ती पळायच्या आधी एकदा चेंडूकडे बघायची. सर ओरडायचे, “अगं पळ, फोटो नंतर काढ!” तरी ती बघायचीच.

जानेवारीत राज्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या जिल्ह्याच्या संघात आमच्या कॉलेजच्या तीन जागा होत्या. पिचर आणि कॅचर ठरलेल्या. तिसरी जागा मारणारीची, आणि डिसेंबरात सरांना एक नाव कळवायचं होतं. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाचे व्यवस्थापकही सरच होते. चांदवडचे नऊ होमरन होते, सुरगाण्याचे सहा.

सुरगाण्याच्या घरचे पाऊस संपला की दिंडोरीला द्राक्षबागांत कामाला उतरायचे. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, संघात नाव आलं तर वसतिगृहात राहा, नाही तर बागेत ये, दोन हात कमी पडतात. आदल्या वर्षी तिच्या पाड्यावरच्या दोघी बागेत गेल्या त्या परत वर्गात आल्या नव्हत्या. हे तिनं मला डबा खाताना सांगितलं होतं, नागलीच्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता, काही विशेष नसल्यासारखं. मला त्या घासापासून मथळे सुचायला लागले.

“सर, नऊ जास्त की सहा जास्त हा प्रश्नच चुकीचा आहे,” मी क्रीडाखोलीत सगळ्यांसमोर म्हणाले. “किती पाळ्यांत नऊ आणि किती पाळ्यांत सहा, ते विचारा. आपले सामने बुधवारी आणि शनिवारी, आणि ती शनिवारी बागेत छाटणीला जाते. मजुरीला जाते म्हणून तिची पाळीच येत नाही, आणि पाळी येत नाही म्हणून...”

मागे मुली फिसकन हसल्या. “वही, जरा जपून बोल,” चांदवड म्हणाली. “तिच्या घरी कळलं तर लग्न लावतील.”

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी शिट्टी उगाच टेबलावर इकडून तिकडे ठेवली. “म्हणजे दर काढायचा म्हणतेस. किती पाळ्यांमागे एक होमरन.”

“हो.”

“मग जी जुलैत एकच सामना खेळून मेडिकलच्या क्लासला पळाली, ती पहिली येईल. दोन पाळ्या, एक होमरन. पाठवू तिला?”

पत्रकात असे प्रश्न येत नाहीत. चांदवडनंच तोडगा काढला. “तीस पाळ्यांच्या खाली धरायचंच नाही. तीस म्हणजे बरी नजर कळते.” सरांना पटलं. “ठीक आहे. वही, तू काढ. पण जे येईल ते येईल. मग भाषण नको.”

मी मान डोलावली. उत्तर मला आधीच माहीत आहे, अशी माझी खात्री होती.

घरी येऊन मी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. चांदवडच्या त्रेसष्ट पाळ्या, नऊ होमरन. बरोबर सात पाळ्यांमागे एक. सुरगाण्याच्या चव्वेचाळीस पाळ्या, सहा होमरन. सव्वासातच्याही वर. मी तीनदा मोजलं. तीनदा चव्वेचाळीस.

तिच्या बेचाळीस पाळ्या असत्या तर बरोबरी झाली असती, एक्केचाळीस असत्या तर ती पहिली आली असती. तीन ‘पा’चे ‘चा’ करायचे होते फक्त. प चा च करायला पेनाची एक आडवी रेघ लागते. वही माझी, अक्षर माझं, पद्धत माझी, तपासणार कोण? मी पेन उघडून बसले होते. बाबा शेजारी मुद्रितं तपासत होते. त्यांनी एकदा एका पत्रकातला मजुरीचा आकडा चुकला म्हणून बांधलेला सगळा गठ्ठा सोडून, बसून, हातानं दुरुस्त केला होता. आम्ही तिघांनी. एकेका कागदावर. आठाचा सहा. माझी बोटं तेव्हा दुखली होती, ती आता आठवली. मी पेनाला टोपण लावलं.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“माझ्याच पद्धतीनं मी हरले.”

“मग पद्धत बरी असेल,” ते म्हणाले आणि पुन्हा मुद्रितात शिरले. मला त्यांचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी मारणाऱ्यांची दरानुसार यादी क्रीडाखोलीच्या फळ्यावर लागली. पहिली चांदवड, दुसरी सुरगाणा, तिसरी पिचर. सुरगाण्यानं बोट ठेवत ठेवत वाचली. मी तिच्या बाजूला उभी होते आणि मला तिथून पळावंसं वाटत होतं. पळता येत नसूनही.

“दुसरी हाय मी,” ती म्हणाली. “दुसरी बी काय वाईट नाय.”

“मी परत बोलते सरांशी.”

“काय बोलशील? मोजलं ना तू? मग झालं.” तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे समजूत ती माझी काढत होती. “शनिवारी गावची जीप दिंडोरीला जाते. तिच्यात जाईन. ग्लोव्ह सरांना दे, मला द्यायला नाय जमणार.”

ग्लोव्ह संघाचा होता. तिनं तो आदल्या रात्री खोबरेल लावून मऊ केला होता. मी तो हातात घेतला आणि मला एकही मथळा सुचला नाही.

मधल्या सुट्टीत चांदवड मला शोधत आली. ती खुशीत असेल असं मला वाटलं होतं. तिनं त्या स्पर्धेसाठी नवे बूटही घेतले होते. पण तिच्या कपाळावर आठी होती.

“दाखव गं तुझी आकडेमोड. हिच्या चव्वेचाळीस कशा झाल्या? लय वाटतात.”

“तीनदा मोजल्या मी.”

“दहादा मोज. वही आण.”

आम्ही कडुनिंबाखाली बसलो. शनिवारची पानं मी लिहिलेली होती. बुधवारी मी आईबरोबर संघटनेच्या कामाला जायचे, म्हणून बुधवारची पानं चांदवडच्या अक्षरातली. ती भराभर पानं उलटत गेली. एका बुधवारापाशी थांबली. सगळ्या मुलींपुढे तीन-तीन, चार-चार खुणा. सुरगाण्यापुढे एकच ‘पा’.

“हा धरलास तू?”

“हो मग. एक पाळी. तिला शेवटी उतरवलं असशील, असं वाटलं मला.”

चांदवड माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, आणि तरी हसू बाहेर आलंच. “अगं ए शहाणे! ही ती पाळी नाही. ती पाळी!”

“कोणती?”

“महिन्याची, बाई! ती उतरलीच नव्हती त्या दिवशी. नावापुढे कारण लिहायचं म्हणून मी लिहिलं, पा.”

असे चार बुधवार निघाले. चार एकटे ‘पा’. ती बाकावर पोट धरून बसली होती आणि मी तिच्या नावावर चार वाया गेलेल्या पाळ्या मांडल्या होत्या. मराठीत मोजायचा माझा हट्ट, माझीच खूण, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ मलाच दिसला नाही. आईच्या संघटनेनं याच विषयावर पत्रक काढलं होतं. ‘लाज नको, माहिती हवी.’ त्याच्या घड्या मी घातल्या होत्या.

चव्वेचाळीसातून चार गेले. चाळीस पाळ्या, सहा होमरन. पावणेसातच्या आत. चांदवडनं हा भागाकार माझ्याआधी तोंडी केला. मी तिच्याकडे पाहिलं. हे तिनं पाहिलंच नसतं तर कुणालाच कळलं नसतं.

“माझ्याकडे काय बघतेस?” ती म्हणाली. “मला जायचंच आहे. लय जायचंय. पण असल्या हिशेबानं जाऊन मी तिच्यासमोर बॅट कशी धरू?” मग डोळे पुसून, तेही हसल्यामुळेच पुसतेय असं दाखवून, ती उठली. “चल. सरांना सांगायचं.”

सांगायचं कसं, हा प्रश्न क्रीडाखोलीच्या दारात आला. मोर्चात हजार बायकांपुढे घोषणा दिलेली मी सरांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, “सर, यादीत चूक आहे. म्हणजे, चार दिवस तिला... अडचण होती.”

“कसली अडचण?”

“प्रॉब्लेम होता, सर.”

“अगं पण कसला?”

चांदवडनं मला कोपरानं बाजूला केलं. “पाळी होती, सर. बाईची. म्हणून ती खेळली नाही. मी ‘पा’ लिहिलं आणि हिनं ते बॅटिंगमध्ये धरलं.”

सरांनी टेबलाकडे बघितलं. मग खिडकीकडे. शेवटी म्हणाले, “हे तू आज सांगतेयस. निकाल लागल्यावर. वरच्या लोकांनी विचारलं तर मी काय दाखवू?” ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच पुरावा हवा होता, आणि तो कुठल्या प्रकारचा असू शकतो याची त्यांना भीती वाटत होती.

“तारखा बघा,” मी म्हणाले. आवाज माझा मला परत मिळाला होता.

सरांनी वही घेतली. भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढून मांडीवर ठेवली. पहिल्या ‘पा’च्या बुधवारावर बोट ठेवलं आणि आठवडे मोजत खाली आले. चार आठवडे, दुसरा ‘पा’. पान उलटलं. पुन्हा चार आठवडे, तिसरा. चौथा मात्र पाच आठवड्यांनी.

“हा कसा?” सरांनी शिक्षकाच्या आवाजात विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय विचारतोय.

सुरगाणा दारात उभी होती. तिला कुणी बोलावलं होतं कोण जाणे. “तवा बागेत लय काम होतं, सर,” ती म्हणाली. “लांबली.”

सरांनी दिनदर्शिका परत खिळ्याला लावली, ती वाकडी लागली, त्यांनी ती सरळ केली. मग लाल पेनानं यादीतली पहिली दोन नावं खोडली आणि उलट क्रमानं लिहिली. “चांदवड,” ते मान खाली घालून म्हणाले, “तुला कळतंय ना तू काय केलंस?”

“हो सर. बूट घेतलेत मी. नंबर तोच आहे तिचा.”

मी विजयानं फुगले होते. बाहेर आल्यावर मी सुरगाण्याला विचारलं, पण मग तू उतरायची का नाहीस त्या दिवशी? इतकं दुखायचं?

“दुखतं तर सगळ्यांना. बागेत काय बसून राहते का मी?” तिनं आपल्या पँटकडे बोट दाखवलं. “ही पांढरी हाय ना.”

आमच्या संघाचा गणवेश पांढरा होता, जिल्ह्याच्या संघाचाही. बाकीच्या मुली त्या दिवसांत आतून काळी टाइट घालायच्या. तिच्याकडे ती नव्हती, पँट एकच होती, आणि वसतिगृहातून मिळायचे ते पॅड दोनच दिवस पुरायचे. सगळ्या संघाला हे माहीत होतं. सहा महिने कडुनिंबाखाली बसून तिची प्रत्येक पाळी मोजणाऱ्या मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आयुष्यातलं पहिलं स्वतःचं पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘पांढरा रंग कोणाच्या सोयीचा?’ खाली दीड पान धिक्कार. बाबांनी वाचलं आणि पेन्सिल मागितली.

“धिक्कार कोणाचा आहे हा? तुझ्या सरांचा?”

“नाही. म्हणजे, व्यवस्थेचा.”

“व्यवस्था पँट शिवत नाही. काय हवंय ते लिही. कधीपर्यंत हवंय ते लिही.”

शेवटी चार ओळी उरल्या. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाला गडद रंगाची पँट मिळावी. कारण मुलींना महिन्याची पाळी येते. स्पर्धेआधी मिळावी. खाली पंधरा सह्या. पहिली सही चांदवडची होती, ती स्पर्धेला जाणार नव्हती तरी.

सरांनी ते उभ्यानं वाचलं. नवीन कापडाला ना वेळ होता ना मंजुरी. “पण रंग मी ठरवू शकतो,” ते म्हणाले. “नियमात एवढंच आहे की सगळ्यांचा सारखा हवा.” आणि दुसऱ्या दिवशी मेनरोडवरून कपडे रंगवायच्या निळ्या रंगाच्या पुड्या घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून, आतलं कुणाला दिसू नये अशा बेतानं.

जिल्ह्याच्या संघाच्या सगळ्या पँटी आमच्या गच्चीवर रंगवल्या. आईनं पातेल्यात पाणी उकळलं, चांदवड काठीनं ढवळत होती, सुरगाणा पिळत होती. मीठ किती घालायचं यावरून आई आणि चांदवडचं भांडण झालं. रंग निळा आलाच नाही. दोरीवर वाळल्यावर कळलं की तो जांभळ्याच्या जवळ जाऊन थांबलाय, मध्ये मध्ये फिकट डाग.

“वांगी,” सर म्हणाले. “वांगी घेऊन चाललोय मी राज्याच्या स्पर्धेला.”

आमचे हात आठवडाभर तसेच राहिले. वर्गात बाई विचारायच्या, हे काय लावलंय? सुरगाणा सांगायची, “मेंदी, बाई. हिरवी संपली होती.”

जानेवारीत ती गेली. नव्या बुटांत, पुढे थोडा कापूस घालून, कारण नंबर तोच नव्हता. चांदवड खोटं बोलली होती. मी आणि चांदवड तिला सोडायला गेलो होतो. बस सुटली. मी चांदवडचा हात धरला. तिनं धरू दिला. मग म्हणाली, “पुढच्या वर्षापासून ‘पा’ नको. गैरहजर असली तर ‘गै’ लिहायचं.”

“नाही,” मी म्हणाले. “‘पा’ राहू दे. बॅटिंगच्या पाळीला मी दुसरं काहीतरी शोधते.” आणि आम्ही पार घरापर्यंत त्यावर भांडलो.

आठवड्यानं सुरगाणा परत आली. संघ दुसऱ्या फेरीत हरला होता. वसतिगृह तिच्यासाठी उघडं राहिलं, आणि बागेत दोन हात कमीच पडले त्या वर्षी. ती बारावीला आमच्याबरोबर बसली. पण आली त्या दिवशी तिनं मला एक घडी घातलेला कागद दिला. तीन घड्या, पत्रकासारख्या, माझ्याकडे बघून शिकलेल्या.

“तुझ्यावानी लिहिलंय. बरोबर हाय का बघ.”

वहीचं फाडलेलं पान होतं. दुसऱ्या सामन्याचं. तिनं फक्त स्वतःची ओळ लिहिली होती. नावाच्या आधी, समासात, एक ‘पा’. आणि नावानंतर ओळीत, पा, पा, चा, आणि शेवटी गोलात ‘हो’.

मी समासातल्या ‘पा’वर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

“ती नको धरू हिशेबात,” ती म्हणाली.